तयार शर्ट ऑल्टर करावा की मापाने शिवून घ्यावा? नॉनबायनरी कपाट लावताना

नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी व्यक्ती, म्हणून स्वतःची पेहरावाची शैली ठरवायला घेतली की अडचण रंगांची किंवा फॅशनची फारशी नसते, प्रमाणाची असते. पुरुषांच्या विभागातला शर्ट गृहीत धरतो की खांदा रुंद आहे आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, जवळजवळ छातीइतकाच आहे. स्त्रियांच्या विभागातला शर्ट खांदा अरुंद धरतो, छातीला टक्स, म्हणजे उभारासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या, देतो, कमरेत आत जातो आणि खाली पुन्हा पसरतो. शरीर एका प्रमाणाचं आणि हवा असलेला आकार दुसऱ्या प्रमाणाचा, किंवा दोन्हींच्या मधला कुठलातरी, असं असेल तर वाटा दोनच उरतात. तयार कपडा घेऊन ऑल्टर करून घ्यायचा, नाहीतर मापाने शिवून घ्यायचा. दोन्ही वाटा मी वापरून पाहिल्या आहेत. कपाटात आजही दोन्ही प्रकार आहेत, पण निम्मे-निम्मे नाहीत.

सुरुवातीला तयार कपडेच बरे, हे आधी मान्य करतो. आपल्याला काय शोभतं, त्याहीपेक्षा कशात आपण आपल्यासारखे वाटतो, हे कापड ठाणातून कापण्याआधी कळत नाही. तयार शर्ट अंगात घालून अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं आणि नको असेल तर परत टांगता येतो. दोन-तीन महिने दोन्ही विभागांतले, कुणाकडून मागून आणलेले, जुने, असे सगळे घालून पाहावेत. फक्त ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढ्यावर थांबू नये. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी आहे की खाली घसरली आहे, शर्ट कमरेखाली किती सेंमीवर संपतो, बाजूची शिवण आत वळते का, कॉलरची टोकं किती लांब आहेत, हे चार आकडे लिहून ठेवावेत. समोरचा माणूस आपल्याला ‘कोण’ म्हणून वाचतो ते बरंचसं या चार ठिकाणांवर ठरतं, असं माझं मत आहे. लांबीचं उदाहरण घ्या. शर्टाची कड सीटच्या सर्वांत रुंद रेषेवर संपली की तीच रेषा डोळ्यात भरते. कड तिथून चार-पाच सेंमी वर घेतली किंवा सहा-सात सेंमी खाली नेली, की तोच घेर निम्मा जाणवतो. आणि ही सर्वांत सोपी दुरुस्ती आहे.

ऑल्टरेशनमध्ये चांगलं काय होतं? शर्टाची लांबी कमी होते. कफ उसवून बाही अडीच-तीन सेंमी आखूड होते. त्याहून जास्त केली तर मनगटाकडची चीर फार छोटी उरते, मग बाही मुंढ्याकडूनच, म्हणजे ती धडाला जोडते तिथूनच, कापावी लागते. दोन्ही बाजू मिळून घेर सहा ते आठ सेंमी आत घेता येतो. बाजूंची शिवण दुहेरी दापलेली असेल तर उसवताना वेळ लागतो आणि जुन्या टिपेची रेघ दिसते. गडद रंगात ती जास्त दिसते.

छाती सपाट आणि शर्ट स्त्रियांच्या विभागातला असेल तर छातीचे टक्स रिकामे उभे राहतात, एखाद्या पिशवीसारखे. ते उसवता येतात. सुती कापडात दोन-तीन धुण्यांत आणि वाफेच्या इस्त्रीने घडी जाते, पॉलिएस्टरमध्ये मात्र सुईची भोकंही राहतात आणि घडीही. त्यामुळे टक्स उसवायचा इरादा असेल तर सुतीच घ्यावा.

‘युनिसेक्स’ लेबलबद्दल थोडक्यात सांगायचं तर बरेचसे असे कपडे पुरुषांच्याच साच्यावरून कापलेले असतात. लहान मापात गळा मोठा पडतो आणि सीट आवळते. टी-शर्टला चालतं, बटणांच्या शर्टाला लेबलवर विसंबू नये.

आता मुख्य तक्रारीकडे येतो, कारण माझा निर्णय तिनेच केला.

छाती 92, कंबर 76, सीट 102 आणि खांदा 39 सेंमी असं शरीर धरू आणि त्यावर सरळ, कमरेचा आकार न दाखवणारा शर्ट हवा आहे. पुरुषांच्या विभागात छातीच्या मापाने घेतलेल्या शर्टाचा तयार घेर 104 च्या आसपास असतो. सीटला सैलपणा जवळपास शून्य उरतो, शेवटची दोन बटणं ताणतात आणि बसलं की पुढची पट्टी उघडते. म्हणून सीटच्या मापाने मोठा शर्ट घ्यायचा. आता छाती 114 आणि खांदा 47. खांद्याची शिवण प्रत्येक बाजूला चार सेंमी दंडावर उतरलेली. इथवर सहन होतं, उतरलेला खांदा काहींना मुद्दाम हवाही असतो. पण माप वाढलं की मुंढाही खोल होतो. बगलेपासून मुंढ्याचा तळ सहा-सात सेंमी खाली जातो आणि बाही धडाला तिथे जोडलेली राहते. हात वर केला की बाही सरळ वर जात नाही, ती शर्टाची बाजू वर ओढते. खोचलेला शर्ट त्या बाजूने बाहेर येतो. वरच्या फळीवरून डबा काढताना, बसमधला दांडा धरताना, केस बांधताना, दर वेळी तेच. दिवसातून दहा-बारा वेळा खोचणं, आणि खोचताना कमरेकडे लक्ष जाणं. ज्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून हा शर्ट घेतला, नेमकं तिथेच हात सारखा जातो.

यावर ऑल्टरेशनमध्ये खरा उपाय नाही. खांदा आत घ्यायचा तर बाही काढून मुंढा कोरावा लागतो, म्हणजे भोक आणखी मोठंच होतं. बाजू आत घेतली तरी मुंढ्याचा तळ तिथे जवळजवळ आडवा असल्यामुळे तो वर सरकत नाही. कापून गेलेलं कापड परत येत नाही. बगलेत चौकोनी कळी, म्हणजे जादा कापडाचा छोटा तुकडा, बसवून हात थोडा मोकळा होतो आणि त्यासाठी लांबी कमी करताना निघालेलं कापड वापरता येतं. अर्धा त्रास जातो, अर्धा राहतो. उलट बाजूचीही तीच गत आहे. रुंद खांद्यांच्या व्यक्तीने स्त्रियांच्या विभागातला शर्ट घेतला की पाठीत आडवी ओढ पडते. तयार शर्टात शिवणीच्या आत जेमतेम एक सेंमी माया, म्हणजे राखीव जादा कापड, असते, मग वाढवणार कुठून? ऑल्टरेशनला काढता येतं, घालता येत नाही.

शिवून घेताना हेच शरीर आणि हाच आकार कसा सुटतो ते पाहा. तयार घेर छातीला 106, कमरेला 104, कडेला 112 ठेवायचा. फरक चार भागांत वाटला की बगलेपासून कडेपर्यंत प्रत्येक भागाला दीडच सेंमी उतार येतो आणि डोळ्याला बाजू सरळच दिसते. कडेला दोन्हीकडे सहा सेंमीची चीर द्यायची, म्हणजे बसताना ताण येत नाही. खांदा 41, म्हणजे हाडाच्या पुढे एकेक सेंमी. तेवढ्याने खांदा चौकोनी दिसतो आणि सीट त्याच्या तुलनेत शांत होते. मुंढ्याचा तळ बगलेच्या दोन ते अडीच सेंमी खाली. हात वर करा, शर्ट जागेवर राहतो.

छातीचा उभार असेल आणि तो सपाट दिसायला हवा असेल, तर टक्स पूर्ण काढून टाकायला सांगू नका. तसं केलं की मुंढ्यापाशी कापड फुगतं आणि पुढची कड वर उचलली जाते. टक्स लपवायला सांगा. पुढच्या बाजूला खांद्याखाली योक, म्हणजे वेगळा कापून जोडलेला आडवा तुकडा, ठेवला की टक्सची बरीचशी माया त्या आडव्या शिवणीत जिरते आणि उरलेली अर्धा-पाऊण सेंमी मुंढ्यात. बाहेरून दिसतो तो साधा योकचा शर्ट. बटणं नेहमीच्या अंतराने लावू देऊ नका. आधी छातीच्या सर्वांत भरीव रेषेवर एक बटण, मग त्याच्या वर-खाली सात-साडेसात सेंमीवर बाकीची आणि त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पट्टीच्या आत एकेक टिचबटण. पट्टी झाकलेली ठेवली तर ती डावीवर उजवी की उजवीवर डावी हा प्रश्न दुरून कुणालाच दिसत नाही. याच्या उलट सपाट छातीवर कमरेचा आकार हवा असेल तर पुढचा भाग तसाच ठेवून पाठीत दोन उभे लांब टक्स पुरतात, प्रत्येकी दोन सेंमी.

कापडाचं वजन इथे शिवणीइतकंच महत्त्वाचं. पातळ, लोंबतं कापड प्रत्येक वळण सांगून टाकतं. ऑक्सफर्ड, ट्विल, जाडसर लिनन किंवा हलकं डेनिम स्वतःचा आकार धरतं. उभ्या रेघा टाळाव्यात, वळणावर त्या वाकतात. पूर्ण बाहीच्या शर्टाला 147 सेंमी पन्ह्याचं कापड पावणेदोन मीटर आणि 112 सेंमी पन्ह्याचं अडीच मीटर धरा. कापण्याआधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं आणि 75 सेंमी लांबीच्या शर्टात तीन टक्के म्हणजे सव्वादोन सेंमी गेले. पहिला शर्ट मांजरपाटाचा कच्चा शिवून घालून पाहिला तर उत्तम. त्यावर खडूने खुणा करता येतात आणि चुकला तर दुःख नाही.

माप देताना आत जे रोज घालणार तेच घाला. बाइंडरने, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायच्या घट्ट अंतर्वस्त्राने, छातीचं माप बरंच बदलतं. कधी बाइंडरसह आणि कधी त्याविना घालणार असाल तर दोन्ही मापं द्या आणि मोठ्या मापावर शिवा. बाइंडर सलग आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना आणि व्यायाम करताना तर नकोच, आणि त्याऐवजी क्रेप बँडेज कधीही नको. ते श्वासागणिक आवळत जातं. पॅड घालत असाल तर ते घालून माप द्या.

शिवून घेण्याचे दोष लपवण्यासारखे नाहीत. वेळ लागतो, परत करता येत नाही आणि शिंप्याचा हात सवयीने चालतो. समोर उभ्या व्यक्तीकडे पाहून न सांगता कमरेत घेतलं जातं किंवा न विचारता टक्स गाळला जातो. ‘जेंट्स करू की लेडीज?’ या प्रश्नात अडकू नका. ‘बाजू सरळ, कमरेला 104, मुंढा बगलेखाली दोन सेंमी’ असे आकडे बोला आणि ते कागदावर लिहून द्या. परक्याने टेप लावलेला सोसवत नसेल तर उत्तम बसणारा एखादा शर्ट टेबलावर सपाट पसरून त्याची मापं घ्या आणि तोच नमुना म्हणून द्या. बहुतेक कारागिरांना हे उलट सोपं जातं. हार्मोन उपचार सुरू असतील तर छाती, सीट आणि खांद्याचे स्नायू पुढचे बरेच महिने बदलत राहतात. अशा वेळी एकदम पाच शर्ट शिवू नयेत. एकच शिवावा आणि बाजूंना आत अडीच सेंमी माया ठेवायला सांगावी.

पँटच्या बाबतीत मात्र माझं पारडं दुसरीकडे झुकतं. पुरुषांच्या विभागातली औपचारिक पँट मागच्या मधल्या शिवणीत दोन-तीन सेंमी माया ठेवून शिवलेली असते आणि तिचा पट्टाही तिथे जोडलेला असतो. म्हणून सीटच्या मापाने घ्या आणि कंबर चार-पाच सेंमी आत घ्या. त्यापलीकडे गेलात तर मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात. खिशांची तोंडं कानांसारखी उघडत असतील तर सीट कमी पडते आहे, एक माप वर जा. स्त्रियांच्या विभागातल्या पँटचा पट्टा बऱ्याचदा अखंड असतो, कंबर घ्यायची तर तो पूर्ण काढावा लागतो. वर खिसे उथळ. ब्लेझरचा खांदा आतल्या पॅडमुळे दुरुस्त करणं फार किचकट, तिथे खांदा बसेल तोच घ्यावा आणि बाकीचं आवळावं. सरळ स्कर्टला दोन्ही वाटा सारख्याच.

थोडक्यात निवड करायची तर अजून चाचपडत असाल, आज सैल आणि उद्या अंगाबरोबर असं मन बदलत असेल, तर तयार कपडे घ्या, लांबी-बाही करून घ्या आणि शिवायची घाई करू नका. पण तेच तेच दोन आकार पुन्हा पुन्हा हातात येऊ लागले असतील, आणि दिवसभर शर्ट खोचण्यात हात गुंतत असेल, तर निदान एक शर्ट शिवून पाहाच, असं मी आग्रहाने म्हणेन. तो जमला की कारागिराकडून कागदी साचा मागून घ्या. त्यावर तारीख, त्या दिवशीची छाती-कंबर-सीट आणि आत काय घातलं होतं ते लिहा आणि गुंडाळून ठेवा. पुढच्या शर्टाला फक्त कापड न्यायचं, आणि सीट तीन सेंमीपेक्षा जास्त बदलली असेल तरच टेप पुन्हा काढायची.