१४ महिने काहीच नाही, मग जिन्यावरचं पाणी: ल्युसिड ड्रीमिंगचा माझा अनुभव

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. मी ते शिकायला लागले जून २०२३ मध्ये. पहिलं असं स्वप्न पडलं ऑगस्ट २०२४ मध्ये. मधल्या १४ महिन्यांत वहीत अशी एकही नोंद नाही. हे लिहितेय एप्रिल २०२५ मध्ये आणि गेल्या आठ महिन्यांत १९ नोंदी झाल्यात. त्या कोऱ्या १४ महिन्यांत मी जे जे वाचलं ते सगळं दोन-तीन आठवड्यांत जमलेल्या माणसांनी लिहिलेलं होतं, आणि ते वाचून दर वेळी आणखी खचायला व्हायचं. म्हणून हे मुद्दाम त्यांच्यासाठी, ज्यांना महिनोन्‌महिने काहीच जमलेलं नाही.

आधी, मला हे का हवं होतं ते सांगते. आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. रात्रभर टॉर्च मारून बघत होतो, जिन्याची कितवी पायरी बुडाली. त्यानंतर तेच स्वप्न पडायला लागलं. जिना, खालून चढणारं पाणी, आणि मला खाली जाऊन काहीतरी आणायचंय. काय आणायचंय ते आठवत नाही. पावसाळ्यात महिन्यातून तीन-चार वेळा, एरवी क्वचित. ज्या समुपदेशक बाईंकडे मी जात होते त्यांनी स्वप्नाचा शेवट दिवसा जागेपणी बदलून लिहायला आणि रोज तो डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. त्यानं दचकून उठणं कमी झालं, स्वप्न मात्र राहिलं. बोलता बोलता त्याच एकदा म्हणाल्या, की काही जणांना स्वप्नातच कळतं आणि मग भीती उतरते. तिथून मी याच्या मागे लागले.

पहिलं काम स्वप्नांची वही. याबद्दल मला बिलकूल शंका नाही, करायलाच हवं. सुरुवातीचा महिनाभर बहुतेक सकाळी ‘काही आठवत नाही’ एवढंच लिहिलंय. मग एक गोष्ट लक्षात आली: जाग आल्यावर कूस बदलली की स्वप्न जातं. डोळे मिटून, ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहायचं, हाताला लागेल तो शेवटचा तुकडा धरायचा आणि तिथून मागे मागे जायचं. दोन महिन्यांनी रात्रीची दोन स्वप्नं सहज आठवू लागली.

दुसरं, दिवसभरात ‘आत्ता मी स्वप्नात आहे का’ हे तपासणं. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा, म्हणजे स्वप्नात असलात तर श्वास येतो. बोटं मोजायची. घड्याळातली वेळ दोनदा वाचायची, स्वप्नात ती बहुधा बदलते. मी फोनवर गजर लावून दिवसातून १२ वेळा हे करत होते. मार्केट यार्डातल्या पेढीवर हिशेबाचं काम करते, तिथेही पावत्या लिहिता लिहिता नाक धरायचं. पाच महिने असं गजर लावून केलं. नोव्हेंबरमध्ये एका स्वप्नात मी खरंच बोटं मोजली, ती सहा भरली, आणि मी ‘मोजण्यात चुकलं’ म्हणून पुढे चालू लागले. सकाळी हे वहीत लिहिताना मला फार वाईट वाटलं, पण आज मागे वळून बघताना वाटतं, सगळ्यात उपयोगाची नोंद तीच होती. गजर वाजला की हात आपोआप नाकाकडे जायचा आणि मन पावतीवरच असायचं. मी स्वतःला प्रश्न विचारतच नव्हते, त्यामुळे स्वप्नातही हात हलले आणि प्रश्न पडला नाही.

मधे एक डोळ्यांवर बांधायची पट्टीही घेऊन पाहिली. झोपेत डोळे हलायला लागले की तिच्यातले लाल दिवे लुकलुकतात आणि स्वप्नात तो उजेड दिसून आपल्याला कळावं, अशी योजना. माझ्या स्वप्नात तो उजेड रुग्णवाहिकेचा झाला, एकदा गणपतीच्या मांडवातल्या माळांचा. दोन्ही वेळा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय पट्टी कानावर रुतायची. पाच आठवड्यांनी काढून ठेवली. ज्यांना आधीच जमतं त्यांना ती मदत करत असेल, अगदी कोऱ्या माणसानं तिच्यावर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

दहाव्या महिन्यात शंका आली की हे खरं असतं तरी का, की लोक नुसतं रंगवून सांगतात. तेव्हा कीथ हर्न या संशोधकांच्या प्रयोगाबद्दल वाचलं. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात ॲलन वर्स्ली नावाचे गृहस्थ प्रयोगशाळेत झोपले. स्वप्नांच्या झोपेत सगळं शरीर लुळं असतं, पण डोळे हलतात. म्हणून आधी ठरवल्याप्रमाणे त्यांनी स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे हलवून खूण केली आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही तेच स्वतंत्रपणे दाखवलं. शंका तिथे संपली. त्याच सुमारास एक आकडाही वाचनात आला: आजवरच्या अनेक पाहण्या एकत्र केल्या तर साधारण ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं. एकदा तरी! आणि मी इतके महिने खपून कोरीच. त्या आठवड्यात वही उघडली नाही.

परत सुरुवात केली ती पहाटेच्या गजरानं. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात, आणि स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. म्हणून पाच तास झोपून उठायचं, थोडं जागं राहायचं आणि परत झोपायचं. झोपताना लाबर्ज यांची पद्धत: नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखता आलं असतं अशी जागा शोधायची, तिथे आपल्याला कळलंय असं डोळ्यांसमोर आणायचं, आणि मनाशी म्हणायचं, ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे.’

इथेही मी आधी चुकलेच. मी ४० मिनिटं जागी राहायचे, दिवा लावून वाचत बसायचे, मग साडेपाचपर्यंत टक्क जागी. दिवसभर डोकं जड, कामात चुका. ह्यांचीही झोप मोडायची, आणि सासूबाई काळजीनं विचारायच्या, ‘अगं, बरं वाटत नाही का तुला?’ मग ऑस्ट्रेलियातले संशोधक डेनहोम ॲस्पी यांचे २०१७ मधले निष्कर्ष वाचले. दिवसातली तपासणी, पहाटेचं उठणं आणि हे वाक्य असं सगळं एकत्र करणाऱ्यांना आठवड्याभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आलं, पण वाक्य म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली त्यांच्या बाबतीत हेच प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. माझं काय चुकत होतं ते त्या एका आकड्यानं सांगितलं. तेव्हापासून साडेदहाला झोपते, पावणेचारला उशीखाली फोन थरथरतो, देवघरातल्या झिरोच्या बल्बच्या उजेडात चार ओळी लिहिते, दोन घोट पाणी पिते आणि दहा मिनिटांत परत आडवी. आठवड्यातून दोनच रात्री, शुक्रवारी आणि शनिवारी.

तरीही दोन महिने काही नाही. मग एका रविवारी दुपारी सगळ्या वह्या घेऊन बसले आणि पहिल्यापासून वाचल्या. मी वर्षभर नाक आणि बोटं तपासत होते, आणि माझ्या वहीत पाणी होतं. जिना होता. पुराचं स्वप्न सोडाच, लग्नाच्या स्वप्नातही कार्यालयाच्या जिन्यावर पाणी, शाळेच्या स्वप्नातही. आणि एवढ्या पानांत एकदाही वास नव्हता. पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. पाणी उतरल्यावरचा तो चिखलाचा, कुजलेल्या धान्याचा, डिझेलचा वास. महिनोन्‌महिने भिंती धुऊनही तो गेला नव्हता. माझ्या स्वप्नातल्या पाण्याला मात्र कसलाच वास नव्हता. त्या दिवसापासून नाक धरणं बंद केलं. जिना दिसला की, कुठलाही जिना, बँकेतला असो की दवाखान्यातला, मी थांबते, वास घेते आणि खरोखर विचारते: हे पाणी खरं का? पाणी नसलं तरी विचारते.

बाराव्या दिवशी पहाटे जमलं. जिना होता, पाणी सहाव्या पायरीवर. मी वास घेतला. काही नाही. आणि ‘अगं, हे स्वप्न आहे’ असं इतकं स्वच्छ कळलं की छाती धडधडायला लागली आणि जाग आली. फार तर पाच सेकंद. मी उठून बसले आणि रडले. ह्यांना उठवून सांगितलं.

पुढच्या वेळांना कळल्या कळल्या उत्साह आवरायचा आणि स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळायचे, त्यांचा खरखरीतपणा जाणवेपर्यंत. हा उपाय माझ्या बाबतीत चांगला लागू पडला. १९ पैकी ११ वेळा स्वप्न टिकलं, सगळ्यात लांब बहुधा तीन-चार मिनिटं. उडायचा प्रयत्न दोनदा केला, जमलं नाही, आणि मला त्याचं फारसं अप्रूपही नाही.

लोक म्हणतात की कळलं की सगळं आपल्या हातात येतं. माझा अनुभव तसा नाही. नोव्हेंबरमध्ये पूर्ण भानावर असताना मी पाण्याला ‘थांब’ म्हटलं, ते थांबलं नाही, चढतच राहिलं. मग मी पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. कोमट होतं. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि मला खाली जाऊन काही आणायचं नव्हतं. गेल्या पाच वर्षांत त्या जिन्यावर मी पहिल्यांदा बसले होते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जागेपणातून थेट स्वप्नात शिरायचा जो प्रकार आहे तो मी दोनदा केला आणि दुसऱ्यांदा अंग लुळं पडून छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. आजी अशा वेळी उशाशी विळा ठेवायची. त्यात धोका नसतो, काही क्षणांत सुटतं, पण मी तो प्रकार परत केला नाही. गॅलंटामिन नावाच्या औषधानं अशी स्वप्नं वाढतात हे अभ्यासात दिसलंय. ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात, आणि मी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. ज्यांची झोप मुळातच कमी आहे, रात्रपाळी आहे, लहान बाळ आहे, त्यांनी पहाटेचा गजर लावू नये, नुसती वही ठेवावी. आणि ज्यांची दुःस्वप्नं माझ्यापेक्षा जड आहेत त्यांनी एकट्यानं यात उतरू नये. माझ्या पाठीशी त्या समुपदेशक बाई होत्या.

ऑक्टोबरपासून पुराचं स्वप्न चारदा पडलं, त्यातल्या तीन वेळा मला कळलं. पण हे कोरडे महिने आहेत, ते स्वप्न या दिवसांत आधीही कमीच पडायचं. खरं काय ते जुलैत कळेल, पुलाची पातळी रोज मोबाइलवर यायला लागली की. नवी वही आणून ठेवली आहे.