स्क्रॅचवर नऊ महिने: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचनालयातला अनुभव

वर्ग सुरू होऊन तिसराच शनिवार होता. मुलांनी स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून संगणकाला आज्ञा द्यायच्या साधनात, रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट करायला घेतली होती. मागे मांडवी, दोन्ही काठांना माड, मध्ये बोट. बोट उजव्या काठाला टेकली, परत फिरली आणि तळ वर, छप्पर पाण्यात. "टीचर, बोट उलटी जाली!" सगळी खोली ओरडली. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गप्प राहिले. वीसेक मिनिटं खटपट केल्यावर सातवीतल्या एका मुलीने कारण शोधलं. स्क्रॅचमध्ये 90 ही दिशा उजवीकडची आणि उणे 90 ही डावीकडची. काठावर आपटून दिशा बदलली की चित्रसुद्धा तेवढंच फिरतं, म्हणून बोट पालथी होते. 'रोटेशन स्टाइल' (चित्राने कसं वळावं ते ठरवणारी सोय) लेफ्ट-राइट केली आणि बोट नीट तोंड वळवून चोडणहून परत निघाली. गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत मी हे साधन मुलांच्या हातात देते आहे, आणि ते मला का पटलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अजूनही ती बोटच आहे.

मी गणिताची शिक्षिका. वाळपईजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी दोन तास हा वर्ग चालतो. पाचवी ते आठवीची 14 मुलं आणि लोकांनी दिलेले वापरलेले 7 लॅपटॉप. मुलांची शाळेची भाषा मराठी, घरची कोंकणी. गोव्यात सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आलं आहे, त्यामुळे 'ब्लॉक' हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला होता. मला त्यांना हवा तितका वेळ द्यायचा होता, चुकायलाही.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलं आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्याचं मूळ 1967 च्या लोगो या मुलांसाठीच्या संगणक भाषेत आहे, जिच्यामागे सेमूर पॅपर्ट होते. हल्लीची तिसरी आवृत्ती जानेवारी 2019 ची. पैसे लागत नाहीत. आज्ञा टाइप करायच्या नसतात, त्या रंगीत ठोकळ्यांच्या रूपात तयार असतात आणि एकमेकांत अडकवायच्या असतात. पडदा 480 रुंद आणि 360 उंच, मध्यबिंदू शून्य-शून्य. सहावीच्या मुलांनी ऋण संख्या नुकत्या शिकलेल्या असतात. त्यांना 'एक्स उणे 200' म्हणजे डाव्या काठाजवळ हे एका दुपारीत कळलं. फळ्यावर मला त्यासाठी चार तास लागतात.

आमच्याकडे जून-जुलैत पाऊस असा कोसळतो की वीज आणि इंटरनेट दोन्ही दिवसचे दिवस रुसतात. म्हणून संगणकावर उतरवून ठेवायची आवृत्ती घ्या, हा माझा पहिला सल्ला. ती इंटरनेटशिवाय व्यवस्थित चालते. मात्र ती आपणहून काही जतन करत नाही. ऑगस्टमध्ये ऐन वेळी वीज गेली आणि दोन मुलांचं दीड तासाचं काम पुसलं गेलं, कारण त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी धरतच नव्हती. पाचवीतला मुलगा रडला. त्या दिवसापासून दर पंधरा मिनिटांनी मी टाळी वाजवते आणि सगळी मुलं फाइल सेव्ह करतात. दोन लॅपटॉप इतके जुने होते की त्यांच्यावर नवी आवृत्ती बसेना. तिथे आम्ही 1.4 घातली. ती चालते, पण तिच्यात क्लोन (कार्यक्रम चालू असताना तयार होणाऱ्या चित्राच्या प्रती) नाहीत, स्वतःचे ब्लॉक बनवता येत नाहीत आणि नव्या आवृत्तीची फाइल उघडत नाही. एकाच वर्गात दोन आवृत्त्या ठेवू नका. मुलांची आपसात देवाणघेवाण थांबते आणि जुन्या यंत्रावरच्या मुलाला आपण मागे पडलो असं वाटतं. दिवाळीनंतर मी ते दोन लॅपटॉप बाजूला ठेवले.

आता मुख्य गोष्ट. ब्लॉक जिथे बसतो तिथेच बसतो. खरं-खोटं सांगणाऱ्या ब्लॉकला दोन्ही बाजूंना टोक असतं आणि तो तशाच टोकदार खाचेत जातो. आकडा किंवा शब्द देणारा ब्लॉक गोल कडांचा. त्यामुळे कंस राहिला, स्वल्पविराम चुकला, स्पेलिंग चुकलं अशी एकही तक्रार येत नाही. कार्यक्रम सुरू होतो, पण मनात होतं तसं घडत नाही. म्हणजे चूक उरते ती फक्त विचारातली, आणि मला नेमकी तीच हवी असते. पूर्वी मी आठवीला थेट पायथन, म्हणजे आज्ञा टाइप करून लिहायची भाषा, शिकवून पाहिलं होतं. तेव्हा अर्धा तास जायचा अपूर्णविराम शोधण्यात. इंग्रजी कच्चं असलेलं मूल त्यातच थकायचं आणि आपल्याला तर्क जमत नाही असा समज करून घ्यायचं.

सगळ्या मुलांकडून एकाच जागी चूक होते: 'इफ' (जर) ब्लॉक 'फॉरेव्हर'च्या, म्हणजे आतल्या आज्ञा सतत चालवणाऱ्या ब्लॉकच्या, बाहेर ठेवणं. मांजर उंदराला शिवलं तर 'म्याऊ' म्हणावं, असा साधा कार्यक्रम. मुलं हिरवा झेंडा दाबतात, मांजर उंदराजवळ नेतात, काही होत नाही. कारण झेंडा दाबला त्या क्षणी यंत्राने एकदा पाहिलं, शिवलेलं नव्हतं, संपलं. मी पुष्कळ प्रकारे समजावलं. शेवटी सहावीतल्या मुलानेच शेजारणीला कोंकणीत सांगितलं: "तो एकदांच पळयता आनी वता." एकदाच बघतो आणि निघून जातो. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. आता कुणाचा 'इफ' अडला की वर्गातून कुणीतरी विचारतंच, "एकदांच पळयता?"

गणितात याचा उपयोग माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. डाव्या खालच्या कोपऱ्यातून 'पेन' (रेघ ओढायचे ब्लॉक) जोडून घ्यायचं आणि समभुज त्रिकोण काढायला सांगायचा. प्रत्येक मूल 60 अंशांत वळवतं आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन मिळतो. मग मी सगळ्यांना अंगणात नेते आणि खडूने आखलेल्या त्रिकोणावरून चालायला लावते. कोपऱ्यावर अंग किती वळतं? 120. पुस्तकातला बाह्यकोन पायांना कळतो. त्यानंतर पंचकोनाला 72 आणि अष्टकोनाला 45 ही उत्तरं मुलं स्वतः काढतात, कारण एक पूर्ण फेरी 360 ची हे त्यांनी चालून पाहिलेलं असतं.

गणेश चवथीच्या आधीचे तीन शनिवार घुमट या तालवाद्याचे. एका मुलाचे आजोबा आरत्यांना घुमट वाजवतात. मुलांनी त्यांचे दोन-तीन ठेके लॅपटॉपच्या माइकवर ध्वनिमुद्रित केले, जोडीला साथीचं तालवाद्य शामेळ आणि कांसाळं, म्हणजे झांजा. 'फॉरेव्हर'मध्ये 'स्टार्ट साउंड' टाकला तर नुसती खरखर आली. तो ब्लॉक आवाज सुरू करतो आणि तो संपायची वाट न पाहता पुढे जातो, त्यामुळे ठेका सुरू होताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. 'प्ले साउंड अन्टिल डन' टाकल्यावर ठेका जुळला. पण शामेळ आणि घुमट यांच्या मुद्रणाची लांबी थोडी वेगळी होती, आणि दहाव्या आवर्तनापर्यंत दोघं एकमेकांपासून पार सुटले. आजोबा हसून म्हणाले, यांना समेवर आणायला कुणीतरी हवा. मुलांनी 'ब्रॉडकास्ट' ब्लॉक वापरला: प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला घुमट निरोप पाठवतो आणि तो मिळाल्यावरच शामेळ वाजतं. दोन कामं समांतर चालली की त्यांना एकत्र बांधावं लागतं, हा विषय मोठ्यांच्या अभ्यासक्रमात फार उशिरा येतो. इथे तो आरतीच्या निमित्ताने आला.

चलं (आकडा साठवायच्या नावाच्या जागा) शिकवताना 'सेट' म्हणजे आकडा ठरवणं आणि 'चेंज' म्हणजे त्यात भर घालणं, यांतला गोंधळ बराच काळ राहतो. काजूची बोंडं टोपलीत झेलायचा खेळ आठवीतल्या मुलाने केला. गुण वाढवायला त्याने 'सेट 1' टाकलं होतं, म्हणून गुण एकावरून हलेनात. ते सुधारलं तर दुसऱ्या डावात जुने गुण तसेच, कारण सुरुवातीला शून्य करायचं राहिलं. हे नेहमीचंच. पण पुढे जे झालं त्यात माझेही दोन शनिवार गेले. काही मिनिटं खेळलं की बोंडं पडायची थांबायची. आज्ञा सगळ्या बरोबर. शेवटी लक्षात आलं की स्क्रॅच एका वेळी 300 च क्लोन ठेवू देतं, आणि खाली पडलेली बोंडं त्याने 'हाइड' केली होती, पुसली नव्हती. न दिसणारे क्लोनही मोजले जातात. 'डिलीट धिस क्लोन' घातलं आणि बोंडं पुन्हा पडू लागली. पण मर्यादा गाठल्यावर स्क्रॅच एका शब्दाने काही सांगत नाही, ही खरी उणीव आहे. नवशिक्या मुलाला अशा वेळी आपलंच डोकं चालत नाही असं वाटतं.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने आधीच करून पाहावी. चलांची नावं देवनागरीत देता येतात, बोलणाऱ्या ब्लॉकमध्ये मराठी छान दिसतं. पण अक्षरं मोजायला गेलात की अडचण येते. 'गोवा' या शब्दाची लांबी स्क्रॅच 4 सांगतं. ग, ओकार, व, आकार. दुसरं अक्षर मागितलं तर नुसती मात्रा हातात येते. मुलांना 'रामाला भाला मारा' हे उलटसुलट सारखं वाचता येणारं वाक्य तपासायचं होतं. जागा काढून टाकल्यावर आपल्या मते ती सात अक्षरं, स्क्रॅचच्या मते चौदा. शेवटापासून वाचायला घेतलं तर सुरुवातच आकाराने होते, म्हणून उत्तर आलं, 'सारखं नाही'. मुलं रागावली, आणि त्यांचा राग रास्त होता. मग आम्ही यादी केली: रा, मा, ला, भा, ला, मा, रा, प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीत. पहिलं सातव्याशी, दुसरं सहाव्याशी, तिसरं पाचव्याशी. जुळलं. अक्षर म्हणजे नेमकं काय, यावर त्या दिवशी जी चर्चा झाली ती व्याकरणाच्या तासाला कधी झालेली मी पाहिली नाही. पायथनही हाच हिशेब करतं, तेव्हा हे आधी कळलेलं बरं.

नियमित येणाऱ्या मुलांसाठी सहा-सात महिने पुरतात, असं माझं मत. त्यानंतर मोठा कार्यक्रम पडद्यावर मावत नाही. पन्नास-साठ ब्लॉकांचा ढीग वरखाली सरकवताना मुलाचा धागा तुटतो, आणि ब्लॉक ओढण्याचा वेळ विचाराच्या वेळेपेक्षा जास्त होतो. एक खूण मी धरली आहे. मूल स्वतःचे ब्लॉक बनवून त्यांना नाव द्यायला लागलं की ते लिहायला तयार आहे. पाचवीच्या मुलांना मी अजून वर्षभर इथेच ठेवणार आहे.

जानेवारीपासून आठवीची चार मुलं पायथन लिहितात. त्यांना अडलं ते दोन ठिकाणी. यादी इथे एकपासून नाही, शून्यापासून मोजतात. दुसरी अडचण जास्त खोल होती. स्क्रॅचमधला 'रिपीट अन्टिल' अट खरी झाली की थांबतो, पायथनमधला 'व्हाइल' अट खरी असते तोवर चालतो. आकडा ओळखायचा खेळ लिहिताना चौघांनीही 'अंदाज गुपिताइतका' ही जुनी अट तशीच उचलली, आणि खेळ एकही अंदाज न विचारता संपला. बोटीचं कोडं सोडवणाऱ्या मुलीची मोठी बहीण या चौघांत आहे. तिने वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'होईपर्यंत', दुसऱ्यावर 'असेपर्यंत'. पहिल्याखाली 'अंदाज बरोबर', दुसऱ्याखाली 'अंदाज चूक'. मग तिने पायथनमधली 'इतका'ची खूण बदलून 'इतका नाही'ची केली आणि खेळ पहिला अंदाज विचारून उत्तराची वाट पाहत थांबला.