फ्लिप-अप हेल्मेट, ११ महिने, पायलट ड्युटी

ब्रँडचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगतो. वर्दीतला माणूस आहे, कौतुक केलं तरी जाहिरात आणि नावं ठेवली तरी लफडं. भारतीय कंपनी, आयएसआय शिक्का, मॉड्युलर म्हणजे बटण दाबलं की हनुवटीचा भाग वर जातो तो प्रकार, पुण्यात नाना पेठेतून ६,४०० ला घेतलं. बाकी ओळखायचं तर ओळखा.

यूट्यूबवरचे हेल्मेटचे रिव्ह्यू बघून डोकं उठलं म्हणून हे लिहायला बसलो. ती पोरं हायवेला १२० ने जातात, वारा किती शिरतो आवाज किती येतो सांगतात, सबस्क्राइब करा म्हणतात, संपला रिव्ह्यू. मी ट्रॅफिक पोलिसात आहे, पायलट ड्युटी म्हणजे व्हीआयपींच्या ताफ्याच्या पुढं मोटरसायकल घेऊन असतो. लोकांना वाटतं हा दिवसभर सायरन वाजवत सुसाट पळत असणार. कुठलं हो. ११ ची मूव्हमेंट असली की आम्ही ७ ला हजर, रूटची एक चक्कर मारायची, कुठं खोदलंय, कुठं रस्त्यात मांडव घातलाय, कुठल्या शाळेची सुटी मधेच येतीय ते बघायचं आणि मग उभं राहायचं. ११ चे साडेबारा होतात. विमान लेट, नाहीतर साहेब वाटेत कुणाच्या तरी घरी चहाला बसलेले, आणि मग कधीतरी वायरलेसवर 'मूव्ह झाले' येतं आणि पुढची १८-२० मिनिटं काय ती खरी ड्युटी. परत उभं. म्हणजे माझ्यासाठी हेल्मेट ही मुख्यतः उभं राहून वापरायची वस्तू आहे आणि तशी टेस्ट केलेला एक पण रिव्ह्यू मला सापडला नाही.

आधी साधं फुल फेस होतं, म्हणजे हनुवटीचा भाग न उघडणारं. मला चष्मा आहे. चष्मा काढा, हेल्मेट घाला, मग फटीतून चष्मा आत खुपसा, एक काडी कानाच्या वर जाते एक खाली, आणि तेवढ्यात वायरलेसवर कुणीतरी तुमचंच नाव घेत असतं. दुसरं म्हणजे शिट्टी. फुल फेसमधे शिट्टी वाजवता येत नाही हे घेताना कुणाच्याच डोक्यात येत नाही. चहा पिता येत नाही, वॉकी-टॉकीवर बोललं तर कंट्रोलला मटक्यातून बोलल्यासारखं ऐकू जातं. फ्लिप-अपमधे बटण दाबलं, हनुवटी वर, चष्मा जागेवर, शिट्टी तोंडात. एवढ्या एका गोष्टीसाठी ६,४०० वसूल झाले असं मी म्हणेन.

घेताना मापाचं नीट बघा. दुकानातल्या काकांनी टेप काढून भुवयांच्या बोटभर वरून गोल माप घेतलं, माझं ५८ सेंटिमीटर भरलं, म्हणजे ५८० ची साइज. मी एवढी वर्षं ६०० वापरत होतो, कारण घालायला-काढायला सोपं जायचं. काका म्हणाले सोपं जातंय म्हणजेच मोठं होतंय, पडलात तर ते एकीकडं जाईल आणि डोकं एकीकडं. १० मिनिटं दुकानातच घालून बसवलं, गालाला दाब आला पाहिजे पण कपाळाला दुखलं नाही पाहिजे. तेवढ्या वेळात गप्पा झाल्या. २०१९ च्या १ जानेवारीला पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हाचं सांगत होते, सकाळी हेल्मेटसक्तीच्या विरोधातल्या मोर्चात दिसलेलं गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानात, आणि पहिला प्रश्न काय तर केस जात नाहीत ना हो? त्यांनी नंतर अशांची हेल्मेटं हँडलला लटकलेली पण बघितली.

रंग पांढराच हवा होता. दुकानात मॅट काळं होतं, काका म्हणाले रंगवून देतो, मी नको म्हटलं. रंगातल्या थिनरनं प्लॅस्टिकचं कवच आतून कमजोर होतं, वरून दिसत पण नाही. १२ दिवस थांबलो, पांढरं आलं, रेडियमवाल्याकडून मागं 'पोलीस' लावून घेतलं.

आता वजन. घरी आल्यावर खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं, १ किलो ६४० ग्रॅम. जुनं १ किलो ३०० च्या आसपास होतं. तुम्ही म्हणाल ३००-३५० ग्रॅमनं काय होतंय. ९ तास डोक्यावर घ्या मग बोलू. त्यात हनुवटीचा भाग वर केला की सगळा भार कपाळाकडं येतो, मान आपोआप मागं ताणायला लागते. पहिले तीन आठवडे झोपताना मानेखाली टॉवेलची गुंडाळी घेत होतो, नंतर सवय झाली का मान बधिर झाली ते सांगता येत नाही.

वजनाचा खरा हिशोब पालखीत कळला. माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाटात माणसाच्या चालीनं मोटरसायकल चालवायची म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच माहीत. पहिला गिअर, हाफ क्लच, इंजिनची धग मांडीला, वरून ज्येष्ठातली चिकचिक, भुरभुर पाऊस, आणि दोन्ही अंगांनी माणसं, तोल गेला तर कुणाच्या तरी पायावर जाणार. मधे पालखी थांबली तेव्हा मी हेल्मेट काढून मान मोडत होतो, तर शेजारी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक आजी उभ्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माउली, किती भरतंय ते?" मी म्हटलं दीड किलोच्या वर आहे मावशी. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरच्या पितळी वृंदावनाकडं बोट केलं, मातीसकट तुळस, आणि म्हणाल्या, "मग बदलता का?" आजूबाजूचे सगळे हसले. त्यानंतर घाट संपेपर्यंत मी हेल्मेटबद्दल तक्रार केली नाही, मनातल्या मनात सुद्धा नाही.

त्याच दिवशी एक डिझाइनची चूक पण लक्षात आली. आतली काळी काच, उन्हासाठीची, तिची पट्टी डाव्या बाजूला आहे. बरोबर आहे, उजवा हात अ‍ॅक्सिलेटरवर असतो म्हणून डावीकडं दिली. पण चालीच्या स्पीडला डावा हात पण क्लचवरून निघत नाही. घाटात ढग-ऊन-ढग-ऊन चाललेलं आणि मी काच खाली घेऊ शकत नाही, खाली असली तर वर घेऊ शकत नाही. ज्यानं हे बनवलं त्यानं ते मोकळ्या रस्त्यावर चालवून बघितलं असणार. रात्री तर ती काच विसराच.

बंद करून चालवताना मात्र तक्रार नाही. ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे अवयवाची पेटी न्यायला रस्ता मोकळा करतात त्या वेळी बघितलं. २०१५ ला पुण्याचं हृदय मुलुंडला नेऊन बसवलं ते काही जणांना आठवत असेल, तेव्हापासून अवयव निघाला की रस्ता मोकळा करून देतात हे लोकांना माहीत झालंय. हृदय बाहेर काढल्यापासून दुसऱ्या छातीत चालू होईपर्यंत साधारण ४ तास हातात असतात, त्यातच ऑपरेशनचा वेळ आला, विमान आलं, तिकडचा रस्ता आला. किडनीला एवढी घाई नसते. या वर्षी एकदा हॉस्पिटल ते लोहगाव विमानतळ पुढं मी होतो. पेटी आपल्याला दिसत नाही, आरशात फक्त अँब्युलन्सचा दिवा दिसतो, तो लहान झाला की आपण जास्त पुढं गेलो आणि मोठा झाला की आपण रस्त्यात आडवे आलो. एवढंच बघत चालवायचं. जोरात पळवून पण उपयोग नसतो, तुम्ही कच्चकन ब्रेक मारला तर मागच्याला पण मारावा लागतो आणि आत डॉक्टर पेटी धरून बसलेले असतात. या हेल्मेटमधे मागचा सायरन नीट ऐकू येत होता, अंतर कळत होतं. फार साउंडप्रूफ हेल्मेट असलं ना तर या कामाला ते वाईट, हे पण कुठल्या रिव्ह्यूत सापडणार नाही. एरवी आम्ही दिसलो की मोबाइल काढून शूटिंग करणारे लोक त्या दिवशी आम्ही हात न दाखवता पण बाजूला होत होते. एक पीएमपीचा ड्रायव्हर बस फुटपाथला घासून उभा राहिला आणि आम्ही पुढं निघालो तेव्हा त्यानं स्टेअरिंगवरचा हात छातीला लावलेला मला दिसला.

हनुवटी वर करून गाडी पळवू नका. काही फ्लिप-अपवर पी/जे असा शिक्का असतो, ती उघडी आणि बंद दोन्ही टेस्ट केलेली असतात. नुसता पी असला तर फक्त बंद अवस्थेत टेस्ट केलेलं. माझ्यावर दोन्हीपैकी काही नाही, मी तरी ते बंदच धरतो. ताफा सुटला की बंद, थांबला की उघडं.

आणि इथंच त्यानं दगा दिला. सातव्या महिन्यात एका बाजूचं लॉक धुळीनं जाम व्हायला लागलं. एकदा बंदोबस्ताला गेटवर उभा, हनुवटीचा भाग डावीकडून सुटला आणि उजवीकडून नाही, मधेच तिरका अडकला, ना वर ना खाली. कंट्रोल विचारतंय लोकेशन सांगा, मी आतून सांगतोय, तिकडं काही कळत नाही. शेवटी पायलट गाडीच्या ड्रायव्हरनं बॉलपेनचं टोक घालून उचकटलं. तो अजून भेटला की पेन दाखवतो. दुकानात गेलो तर वॉरंटी कवचाला आहे, लॉकला नाही म्हणे, आणि बिलामागं बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलंय. आता दर रविवारी जुन्या टूथब्रशनं खाचा साफ करतो आणि सिलिकॉनचा थेंब सोडतो. पेट्रोलनं पुसू नका, आतला थर्माकोल खाऊन टाकतं. आरशावर पण अडकवू नका, आतून खड्डा पडतो.

धुकं: पावसात काच बंद केली की पहिल्या सिग्नलला आंधळे. काचेवर धुकं धरू नये म्हणून वेगळी पट्टी मिळते ती याला बसत नाही. मी भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब काचेला आतून चोळून कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढतो, एक शिफ्ट निघते. चष्म्याला पण तेच. बायको म्हणते तुमच्या डोक्याला लिंबाचा वास येतो.

पट्ट्याचं बकल दातेरी आहे, ग्लव्ह्ज घालून एका ओढीत निघतं, साहेब उतरायच्या आत हेल्मेट काढून टोपी घालायची असते त्या घाईत हे फार कामाचं. डबल रिंगवालं, म्हणजे पट्टा दोन कड्यांतून ओवायचा ते, जास्त भरवशाचं असं म्हणतात, असेल, पण मला तेवढे सेकंद मिळत नाहीत.

५ पैकी साडेतीन. उभं राहायचं काम असलेल्यांनी घ्या, चष्मेवाल्यांनी नक्की घ्या, लांबच्या टूरसाठी त्याच पैशात हलकं फुल फेस येतं. गालाचे पॅड ११ महिन्यांत बसलेत, घामानं वास पण धरलाय, धुतले की गॅलरीत दोन दिवस वाळत नाहीत. नवीन जोड मिळेल का विचारलं तर काका म्हणाले मागवतो, आठवडाभरात येतील. दीड महिना झाला. काल फोन केला तर म्हणाले, पांढऱ्या हेल्मेटला काळे पॅड चालतील का?