मिनी ट्रॅक्टरच्या लोडरचा वेग कशावर ठरतो: वापरानंतरचा अनुभव

आमच्या मुक्त गोठ्यातील शेण गोळा करणे, खड्ड्यातील मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) काढून गव्हाणीपर्यंत आणणे आणि कांदा लागवडीच्या आधी ट्रॉलीत शेणखत भरणे, या तीन कामांसाठी आम्ही २८ अश्वशक्तीच्या चारचाकी चालनाच्या मिनी ट्रॅक्टरला पुढचा लोडर, म्हणजे तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी मोठी बकेट, बसवून घेतला. पावसाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तो रोज वापरल्यानंतर मी हे लिहीत आहे. लोडर पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की बकेट किती झटपट वर जाते. दुसरा प्रश्न ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीचा असतो आणि अश्वशक्ती जास्त म्हणजे बकेट वेगवान असे गृहीत धरलेले असते. ते तसे नाही, आणि लोडर घेताना हा फरक समजणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

वेग ठरतो तो पंप दर मिनिटाला किती लिटर तेल देतो आणि जॅक (तेल भरले की दांडा बाहेर ढकलणारा सिलिंडर) भरायला किती तेल लागते, या दोन गोष्टींवरून. आमच्या पंपाच्या एका फेऱ्यात ८ घनसेंटिमीटर तेल पुढे जाते. २७०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २७०० फेऱ्यांना, त्याचा हिशेब मिनिटाला २१.६ लिटर होतो आणि पंपातील अंतर्गत गळती वजा केल्यावर साधारण २० लिटर हाती येतात. बकेटचे हात उचलणारे दोन जॅक ५० मिलिमीटर व्यासाचे आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोकचे (दांडा सरकण्याच्या लांबीचे) आहेत. एका जॅकमध्ये ७८५ घनसेंटिमीटर, म्हणजे दोन्हींत मिळून जवळपास १.५७ लिटर तेल मावते. मिनिटाला २० लिटर मिळत असतील, तर हे जॅक भरायला पावणेपाच सेकंद लागायला हवेत. पूर्ण रेसवर, म्हणजे इंजिन पूर्ण वेगाने फिरत असताना, रिकामी बकेट तळापासून वरच्या टोकापर्यंत न्यायला आम्हाला घड्याळावर पाच सेकंद लागतात. इतका साधा हिशेब प्रत्यक्षाच्या इतका जवळ येतो, म्हणून कोणताही लोडर विकत घेण्यापूर्वी तो वहीत मांडून पाहावा असे मी आग्रहाने सांगतो.

याच हिशेबातून रेस किती ठेवावी हा प्रश्नही सुटतो. पंप इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला असल्यामुळे १५०० आरपीएमला तेल ११ लिटरच्या आसपास येते आणि तीच बकेट वर जायला साडेआठ सेकंद घेते. पंपाची आतली गळती दाबावर अवलंबून असते, फेऱ्यांवर फारशी नाही. त्यामुळे कमी रेसवर जड बकेट उचलताना एकूण तेलातील गळतीचा वाटा वाढतो आणि वेग हिशेबापेक्षाही थोडा खाली येतो. डिझेल वाचवण्यासाठी मंद रेसवर लोडर चालवणारे चालक मी पाहिले आहेत. त्यांची बकेट संथ चालते, आणि स्टीअरिंग फिरवताच ती थांबतेसुद्धा. एकाच पंपावर पॉवर स्टीअरिंग आणि लोडर दोन्ही असतात, तेव्हा तेलाचा पहिला हक्क सुरक्षिततेसाठी स्टीअरिंगला दिलेला असतो आणि उरलेले तेल लोडरकडे जाते. काही माहितीपत्रकांत दोन्हींचा एकत्रित आकडा छापतात. विक्रेत्याला लोडरच्या वाट्याचे लिटर वेगळे विचारावेत. आम्ही मुरघास काढताना १८०० ते २००० आरपीएम ठेवतो. आवाज सुसह्य राहतो आणि काम अडत नाही.

आता दाबाविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. लोडर मंद वाटतो असे म्हटले की रिलीफ वॉल्व्हचा (दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून प्रेशर वाढवून देण्याची तयारी फिटर लगेच दाखवतो. आमच्याकडेही एकाने दाखवली होती आणि आम्ही ती नाकारली. दाबाने बळ मिळते. वेग तेलाच्या प्रवाहातून येतो. १५० बार (बार हे दाबाचे एकक) दाबावर ५० मिलिमीटरचा एक जॅक साधारण ३००० किलो इतक्या जोराने ढकलतो, आणि हातांच्या लांबीमुळे होणारी घट वजा जाऊन बकेटला काही शे किलो उचलता येतात. स्क्रू आवळला तर हा जोर वाढेल, पण जॅक भरायला तेल तितकेच लागेल आणि सेकंदही तितकेच. त्याबदल्यात सील, पाइप आणि विशेषतः मिनी ट्रॅक्टरचा नाजूक पुढचा अ‍ॅक्सल यांच्यावर कंपनीने गृहीत न धरलेला भार येईल. अश्वशक्तीचा संबंधही इथेच लागतो. लिटरला बारने गुणून ६०० ने भागले की किलोवॅट मिळतात. २० लिटर आणि १५० बार म्हणजे ५ किलोवॅट, सुमारे पावणेसात अश्वशक्ती. २८ अश्वशक्तीचे इंजिन हे सहज पेलते, म्हणून त्याच पंपावर ३५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले तरी बकेट अधिक वेगाने वर जाणार नाही.

वेग वाढवण्याचा एक मार्ग बारीक जॅकचा आहे, आणि त्याची किंमत उचलशक्तीत मोजावी लागते. आम्हाला ६० मिलिमीटरच्या जॅकचाही पर्याय होता. त्यात दोन्ही जॅक मिळून २.२६ लिटर तेल लागले असते, उचल १.४४ पट झाली असती आणि वर जायला पावणेसात सेकंद लागले असते. आमचे मुख्य काम हलक्या मुरघासाचे आहे, म्हणून ५० मिलिमीटरचे जॅक योग्य ठरले. ज्याला रोज ओली माती किंवा मुरूम उचलायचा आहे, त्याने मोठे जॅक घेऊन मंद वेग स्वीकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बकेट वळवणारे जॅक वेगळ्या तऱ्हेने वागतात आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. आमच्या रचनेत जॅक आत येताना बकेट भरण्यासाठी वर वळते आणि बाहेर जाताना रिकामी होते. आत येताना ३० मिलिमीटरच्या दांड्याने जागा व्यापलेली असल्यामुळे तेल कमी लागते. पूर्ण बाजूचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, तर दांड्याच्या बाजूचे १२.६, म्हणून बकेट वर वळायला, रिकामी होण्याच्या तुलनेत, दोन-तृतीयांशाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तिचा जोरही त्याच प्रमाणात कमी असतो. रिकामी करताना दुसरीच अडचण येते. भरलेली बकेट स्वतःच्या वजनाने इतक्या झपाट्याने खाली कलते की पंपाचे तेल तिच्यामागे पुरत नाही आणि जॅकमध्ये पोकळी तयार होते. त्यानंतर बकेटचे तोंड जमिनीवर दाबायला गेल्यास लिव्हर ओढूनही क्षणभर काहीच घडत नाही, कारण आधी ती पोकळी भरते. काही वॉल्व्हमध्ये दांड्याच्या बाजूचे तेल टाकीत न सोडता जॅकच्या दुसऱ्या बाजूला फिरवण्याची सोय असते. तेव्हा पंपाला केवळ दांड्याच्या जाडीएवढी जागा भरावी लागते, म्हणून त्या स्थितीत आमच्या मापाचा जॅक पावणेतीन पटींहून जास्त वेगाने बाहेर जाईल. चिकट शेण झटकून पाडायला ही सोय फार उपयोगी आहे. आमच्या वॉल्व्हमध्ये ती नाही आणि तिची उणीव पावसाळ्यात जाणवली.

पाइपांच्या बाबतीत पाव इंच आणि तीन-अष्टमांश इंच यांतला फरक लहान दिसतो. २० लिटरचा प्रवाह पाव इंची पाइपातून सेकंदाला साडेदहा मीटर वेगाने धावतो, तर तीन-अष्टमांश इंचीतून साधारण पावणेपाच मीटर, आणि हा दुसरा वेगच दाबाच्या पाइपाला मानवतो. अरुंद पाइपामुळे बकेट वर जाण्याचा वेग लगेच घटत नाही, कारण पंप आपले तेल ढकलतच राहतो. रिलीफ वॉल्व्ह उघडेपर्यंत नुकसान उष्णतेच्या रूपाने होत असते. खाली येताना मात्र तेलाला ढकलणारे मुख्यतः बकेटचे वजन असते, म्हणून रिकामी बकेट अरुंद पाइपावर रेंगाळत उतरते. खाली येण्याचा वेग मुद्दाम मर्यादित ठेवणारी बारीक छिद्राची चकती काही जोडण्यांत बसवलेली असते. ती काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये, कारण गोठ्यात जनावरे आणि लहान मुले वावरत असतात.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लोडर पहिली काही मिनिटे सुस्त असतो. तेल घट्ट झालेले असते, गाळणीतून पंपापर्यंत पुरेसे ओढले जात नाही आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो. तशा वेळी रेस न वाढवता तेल गरम होऊ द्यावे. तेल दुधाळ व फेसाळ दिसले, तर ओढणाऱ्या पाइपातून हवा शिरत आहे किंवा तेलात पाणी आहे असे समजावे. दोष ओळखण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी वापरतो: रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळा बकेट मंद चालत असेल, तर तेलच कमी येत आहे, म्हणून गाळणी, तेलाची पातळी आणि रेस पाहावी; रिकामी नेहमीप्रमाणे आणि भरलेली मंद चालत असेल, तर तेल कुठेतरी निसटत आहे, म्हणून झिजलेला पंप, कमजोर रिलीफ वॉल्व्ह किंवा जॅकचे सील तपासावे.

कामाच्या एकूण वेळेत उचलण्याचे सेकंद किती, हेही सांगायला हवे. ट्रॉलीच्या फाळक्यावरून जायला बकेट पूर्ण वर न्यावी लागत नाही, आणि एका फेरीतला बहुतेक वेळ मागे घेणे, वळणे आणि पुढे येणे यांत जातो. त्यामुळे आमच्या कामाचा वेग पंपापेक्षा गिअर आणि क्लचने जास्त ठरवला. ट्रॉलीजवळ जाताना क्लच दाबूनही बकेट वर जात राहते, कारण आमच्या ट्रॅक्टरचा पंप थेट इंजिनवर चालतो. ज्या ट्रॅक्टरमध्ये क्लच पूर्ण दाबताच पंप थांबतो, तिथे चालकाला प्रत्येक वेळी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आणून बकेट उचलावी लागते. ही गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. ट्रॅक्टर सुरू करून, क्लच पूर्ण दाबून, लोडरचा लिव्हर ओढून ती विक्रेत्यासमोरच तपासून घ्यावी.