घरी येणारी मिडवाईफ सर्व्हिस, कोल्हापूर: डिलिव्हरी दवाखान्यात झाली तरी ४ स्टार

पहिल्या बाळंतपणाला घरी येणाऱ्या मिडवाईफ ताई ठरवल्या होत्या, शेवटी बाळ झालं दवाखान्यात, पण त्यांनी मला तिथं ज्या पद्धतीनं नेलं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय.

बुकिंगलाच त्यांनी सांगितलेलं की पहिलटकरणीला मधूनच दवाखान्यात हलवावं लागणं काही विशेष नाही. इंग्लंडात २०११ ला मोठा अभ्यास आला, त्यात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हलवावं लागलं, आधी बाळंत झालेल्यांत हेच १२ टक्के, आणि पहिल्या बाळाला घरी धोका जास्त निघाला हेही त्यांनी लपवलं नाही. तिथं बहुतेक मिडवाईफ सरकारी यंत्रणेतल्या असतात, आपल्याकडं तसं नाही, म्हणून दवाखान्यात आधी नाव घातल्याशिवाय ताई केसच घेत नाहीत. माझ्या गगनबावड्याच्या मावसबहिणीला तर सरळ नाही म्हणाल्या, पावसाळ्यात पाणी आलं की तो रस्ताच बंद पडतो, २०१९ आणि २०२१ ला बघितलंय की सगळ्यांनी.

आमचं घर फुलेवाडीत. कळा रात्रभर चांगल्या चाललेल्या, सकाळी मंदावल्या आणि गर्भपिशवीचं तोंड उघडायचं थांबलं. ताई दर पंधरा मिनिटाला डॉपलरनं बाळाचे ठोके ऐकून तक्त्यावर टिपत होत्या. सासूबाईंनी विचारलं अजून थोडं थांबूया का, तर म्हणाल्या, "काकू, बाळ मजेत आहे, म्हणूनच आत्ता निघायचं. कळा वाढवायचं सलाईन घरी लावायचं नसतं." ना धावपळ ना आरडाओरडा. रक्तस्राव किंवा ठोके बिघडले असते तर १०८ लावायचं हे आधीच ठरलेलं, इथं घाई नव्हती म्हणून आमच्याच गाडीनं गेलो, मी मागच्या सीटवर कुशीवर, ताई शेजारी हात धरून, आणि वाटेतच डॉक्टरांना फोन करून तोंड किती उघडलंय, पाणी कधी गेलं, पाण्याचा रंग, सगळं सांगून झालेलं.

दवाखान्यात मात्र ड्युटीवरच्या बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, घरात कशाला बसवून ठेवलं म्हणून. कळा सोसणाऱ्या बाईला असं बोलतात का ओ? खरंच लई लागलं मनाला. ताईंनी आवाज न चढवता तक्ता पुढं ठेवला, डॉक्टरांनी तो नीट वाचला आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. सिझर लागलं नाही, सलाईनवर नॉर्मल झाली. बाळ रडेपर्यंत ताई माझ्या उशाशी उभ्या होत्या, माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं.

एक स्टार कापला तो पैशासाठी. हलवावं लागलं तरी त्यांची फी पूर्णच द्यावी लागते, वर दवाखान्याचं बिल वेगळं, आणि हे आम्हाला बुकिंगला कुणी सांगितलं नाही. घेणार असाल तर फीचं तेवढं आधी लिहून घ्या.