९९०० चा सेल आणि 'तुमचं चार्जिंग चुकतंय'

आमच्या जुन्नर तालुक्यात शेतीच्या लाईटची पाळी बदलत राहते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की कांद्याला आणि उसाला पाणी रात्रीच भरावं लागतं. इकडच्या बिबट्यांचं सगळ्यांनी ऐकलंय. घोणस, मण्यार तर बांधाबांधावर. अशा रानात दारं धरणाऱ्याच्या, म्हणजे सरीसरीत पाणी वळवणाऱ्याच्या, हातात बॅटरी (टॉर्च) लागतेच, आणि ती पहाटेपर्यंत टिकावी लागते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची बॅटरी चार्जिंगची, लिथियमच्या एका सेलवर चालणारी. सेल अंगठ्याएवढा जाड, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. बॅटरीबरोबर आलेला सेल तीन वर्षं चालला, मग दम धरेना. नवीन घ्यायला तालुक्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन सेल समोर ठेवले. एक २६०० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप), आणि दुसरा चकचकीत पिवळा, त्यावर ठळक ९९००. पिवळा स्वस्त होता. मला वाटलं, आकडा मोठा म्हणजे बॅटरी रात्रभर चालणार. स्वस्त का, हे विचारायचं सुचलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलाचं काय करता दादा, मी इथंच बसलोय. सहा महिने गॅरंटी. फक्त पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला ठेवा, आणि नंतर पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका."

घरी येऊन सेल लावला. पाऊण तासात चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला. जुन्या सेलला तीन तास लागायचे. मला तो नव्या सेलचा गुण वाटला. खरं तर चोरी तिथेच उघडी पडली होती, पण हिशोब कसा करायचा ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या रात्री धाकटा भाऊ उसाला पाणी द्यायला गेला. मोबाईल त्याने मोटरीच्या खोलीत ठेवला होता. मधल्या सरीत असताना बॅटरी एकदम मंद झाली, दोनदा लुकलुकली आणि गेली. ऊस डोक्याच्या वर, अमावस्या जवळ आलेली. तो जागचा हलला नाही, फक्त हाका मारत राहिला. वारा उलटा होता, त्यामुळे घरी ऐकू यायला वेळ लागला. वहिनी आणि मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. हेडलाईटच्या उजेडात तो दिसला तेव्हा फावडं दोन्ही हातांनी छातीशी धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. काही झालं नाही त्याला. पण तो सेल त्याच्या हातात मी दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्याने मीटर लावून दाखवलं, ४.१ व्होल्ट. "बघा, सेल फुल आहे. सेलमध्ये खोट नाही, तुमचं चार्जिंग चुकतंय. रात्रभर लावून ठेवता ना? अर्धवट काढता ना?" इतक्या ठामपणे बोलला की मला ते पटलं. आमच्या घरात कोण कधी चार्जर काढतं, कोण लावतं, याला खरंच धरबंध नव्हता. मी आणखी दोन सेल आणि त्याने दिलेला 'फास्ट' चार्जर घेऊन आलो. ८५० रुपये गेले. घरी येऊन वहिनींवर ओरडलो, की तुम्ही मधेच पिन काढता. त्यांची काडीचीही चूक नव्हती. ते बोलणं मला अजून सलतं.

सेल खोटा होताच, पण मोठी फसवणूक मी या उपदेशाला म्हणतो. तो ऐकून मी वडिलांच्या वेळची दुसरी बॅटरीही घालवली. ती शिशाच्या ॲसिड सेलची, ४ व्होल्टची. तिलाही 'पूर्ण उतरल्यावरच चार्जिंग' हा नियम लावला आणि उतरलेली तशीच पंधरा दिवस ठेवली. ॲसिडच्या सेलला हे सोसत नाही. उतरलेला राहिला की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक बसतो आणि मग तो चार्जिंग घेत नाही. अशी बॅटरी वापरली की लगेच चार्ज करायची, आणि नुसती पडून असली तरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लावायची.

पूर्ण उतरवून मग चार्ज करायचं, ही शिकवण जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातली. लिथियमच्या सेलला ती उलट नुकसान करते. तो ४.२ व्होल्टला भरतो आणि ३ च्या खाली वारंवार गेला की खराब होत जातो. मधेच चार्जिंगला लावलं, मधेच काढलं, तरी त्याला काही होत नाही.

दिवाळीत भाचा आला. त्याने आयटीआय केलंय. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, चार्जर कितीचा?" जुन्या चार्जरवर १ अँपिअर लिहिलं होतं. "मग ९९०० भरायला दहा तास तरी लागायला हवेत. तुमचा पाऊण तासात भरतो. म्हणजे आत पाऊण तासाचाच माल आहे." मी तिथेच बसलो. मीटरवर दिसलेल्या व्होल्टचंही त्याने सांगितलं. तांब्या आणि हौद दोन्ही काठोकाठ भरले असतील, तर नुसती पातळी बघून आत पाणी किती ते कळत नाही. व्होल्ट म्हणजे ती पातळी.

मग आम्ही किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेल ठेवले. जुना, मूळ सेल ४६ ग्रॅम. पिवळे तिन्ही २७-२८ ग्रॅम. या मापाचा चांगला सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. वजन भरलं म्हणून सेल खरा, असं मात्र धरू नका. मोठ्या नळकांड्यात छोटा सेल घालून उरलेल्या जागेत पावडर भरणारेही असतात. फोडून बघायच्या भानगडीत पडू नका, लिथियम पेट घेतं. भाच्याने पुढच्या खेपेला क्षमता मोजणारा चार्जर आणला. आकडे आले ६४०, ६१५ आणि ६५०. नामांकित कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण २००० ते ३५०० एमएएचचे असतात. म्हणजे ९९०० हा आकडा दिसला तिथेच दुकानातून मागे फिरायला हवं होतं. बाजूला ठेवलेला तो २६०० वाला कदाचित खरा असेल.

आता सेल घेताना पक्कं बिल घेतो, त्यावर क्षमता लिहून घेतो. पाकिटावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं. आमच्याकडे बिल नव्हतं. नाहीतर १९१५ वर, ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार करताना हातात कागद राहिला असता. दुकानदाराकडे पुन्हा गेलो तेव्हा त्याने ओळखच दाखवली नाही.

तो 'फास्ट' चार्जर बंद केला. हात लावता येत नाही इतका तापायचा, आणि एवढ्याशा सेलमध्ये जादा करंट ढकलणं म्हणजे घरात आग ओढवून घेणं. चार्जिंग आता ओट्यावर, फरशीवर करतो, गादीवर किंवा कडब्याजवळ कधीच नाही. उन्हात तापलेली बॅटरी आधी सावलीत थंड होऊ देतो. पत्र्याच्या मोटरीच्या खोलीत सेल ठेवणं बंद केलं, उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेनेच सेलचं आयुष्य कमी होतं. पावसाळ्यात दोन-तीन महिने रात्रीचं पाणी नसतं, तेव्हा सेल अर्धा भरून, बाहेर काढून कपाटात ठेवतो. वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलेला सेल वापरत नाही, कारण टोकांवर धातू धातूला लागला की शॉर्ट होतो. दोन सेलची बॅटरी असेल तर नवा आणि जुना एकत्र घालू नका.

ते तीन पिवळे सेल दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत, गोठ्यापासून लांब. घंटागाडीत टाकले तर कुणाच्या तरी हातात पेटतील. पुढच्या वेळी पुण्याला जाणं झालं की ई-कचरा घेतात तिथे देणार आहे. भाऊ अजूनही रात्री रानात जाताना दोन बॅटऱ्या नेतो, आणि मोबाईल आता खिशात ठेवतो.