सनीसाइड: अर्व्हिंगचं घर पाहून आलो

न्यूयॉर्क राज्यातल्या टॅरीटाऊनला एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग याचं सनीसाइड हे घर बघायला आईला घेऊन गेले होते. माहिती सांगणाऱ्या बाई अभ्यासू, घाई अजिबात नाही. अभ्यासिकेत प्रकाशक पटनम यांनी भेट दिलेलं लिहायचं टेबल आहे, कोनाड्यात त्याचा दिवाण. माझा पाय तिथून निघेना. १८४२ ते १८४६ हा माणूस स्पेनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. परत आल्यावर, १८४७ मध्ये, त्यानं घराला स्पॅनिश धाटणीचा मनोरा जोडला. केवढी ओढ असेल त्या देशाची! दारावर विस्टेरियाचा जाडजूड वेल चढलाय. घर आणि हडसन नदीच्या मधून रेल्वे जाते. जिना अरुंद आहे, आईचा हात धरावा लागला. जरूर जा. नदीकाठी बसायला अर्धा तास जास्तीचा ठेवा.